बंद पडलेला राउटर टाकून देण्यापूर्वी

(शिक्षक व ग्रामस्थ यांच्यासमोर केलेल्या भाषणाचा संक्षेप)



मी कलाशाखेचा पदवीधर. यंत्रविद्येचा जाणकार नव्हे, हे आरंभीच सांगितलेले बरे. तरीही आज राउटरविषयी बोलण्याचे धाडस करीत आहे, ते पदरी आलेल्या अनुभवाच्या बळावर.

गेल्या पावसाळ्यात फोंड्यातील आमच्या घरी राउटरचे फर्मवेअर, म्हणजे त्या यंत्राला चालविणारी अंगभूत आज्ञावली, बदलण्याचे काम मी हाती घेतले. बाहेर विजा चमकत असताना ते करावयास नको होते. काम निम्म्यावर आले आणि वीज गेली. ती परतली तेव्हा राउटरचा एकच दिवा लुकलुकत होता. बाकी सारे निपचित. मुलीच्या महाविद्यालयीन प्रवेश-अर्जाची मुदत दुसऱ्या दिवशी संपत होती. तिने तो भर पावसात रांगेत उभे राहून सायबर कॅफेतून भरला. मी राउटर घेऊन दुकानात गेलो, तर "हे मेले, नवे घ्या," असा निकाल मिळाला. तो निकाल चुकीचा होता.

राउटरच्या स्मृतीचे अनेक भाग असतात. आरंभीच्या भागात बूटलोडर नावाची एक छोटी आज्ञावली असते व नेहमीच्या अद्ययावतीकरणात सहसा तिला हात लावला जात नाही. घर कोसळले तरी जोते शाबूत राहावे, तसा हा प्रकार. यंत्र सुरू करताना रीसेटची कळ दाबून धरली, की पुष्कळ राउटरांचा बूटलोडर केबलवरून नवे फर्मवेअर स्वीकारण्यास सिद्ध होतो.

आमचा राउटर टीपी-लिंकचा आर्चर सी-७, आवृत्ती २. तो टीएफटीपी या साध्या पद्धतीने १९२.१६८.०.६६ या पत्त्यावरील संगणकाकडे फाइल मागतो. म्हणून संगणकाला हाच पत्ता हाताने द्यावयाचा, टीएफटीपी सर्व्हर चालू करावयाचा व फाइलला बूटलोडरला अपेक्षित असलेले नेमके नाव द्यावयाचे. एका अक्षराचा फरकही चालत नाही. फाइल मी कार्यालयातून उत्पादकाच्या संकेतस्थळावरून आणली. राउटरच्या तळाशी चिकटवलेली आवृत्ती आधी पाहावी. एकाच नावाच्या दोन आवृत्त्यांच्या फाइली परस्परांना चालतीलच असे नाही.

एवढे करूनही दोन तास काहीच घडेना. दोष निघाला संगणकाच्या फायरवॉलचा. तो राउटरची मागणी दारातच अडवीत होता. त्याला तात्पुरते बाजूला सारताच फाइल गेली. त्यानंतर काही मिनिटे यंत्राला हात लावू नये, हे मी या खेपेस पाळले.

सर्व राउटरांची रीत एक नाही. आसुसचा स्वतंत्र पुनःस्थापना-प्रोग्राम आहे, डी-लिंकच्या अनेक राउटरांत ब्राउझरमधून फाइल देण्याचे आणीबाणीचे पान उघडते, तर नेटगिअरचे अनेक राउटर स्वतःच १९२.१६८.१.१ वर फाइलची वाट पाहतात. बूटलोडरच बिघडला असेल तर राउटर उघडून आतील सिरियल जोडणी वापरावी लागते. तिथे बहुधा ३.३ व्होल्ट चालतात, अधिक दाब दिल्यास यंत्र खरोखरच जळते. ते काम जाणत्यावर सोपवावे. फायबर सेवेबरोबर मिळालेल्या पेटीवरही हे प्रयोग करू नयेत. सेवा देणाऱ्यालाच बोलवावे.

मग फर्मवेअर बदलूच नये काय? तसे नव्हे. २०१८ साली व्हीपीएनफिल्टर या घातक आज्ञावलीने ५४ देशांत किमान ५ लाख उपकरणे ग्रासली. त्यांत घरगुती राउटरही होते. बदल अवश्य करावा. मात्र केबल जोडून, विजेची खात्री असताना, आणि जुन्या फर्मवेअरची फाइल हाताशी ठेवून.

राउटर उठला, तरी जुन्या नोंदी पुसल्या गेल्या होत्या. सेवा देणाऱ्याने दिलेले वापरकर्ता-नाव व पासवर्ड पुन्हा भरावे लागले. ते लिहिलेला कागद शोधता शोधता रात्रीचे अकरा वाजले. अखेर तो वीजबिलांच्या गठ्ठ्यात सापडला.