मागच्या बाकावरचं मूल

(पदवीधरांच्या मेळाव्यातील भाषण)



उत्तर नागपुरातल्या ज्या वस्तीत मी वाढले, तिथल्याच शाळांमध्ये सत्तावीस वर्षं विशेष शिक्षिका होते. लोक म्हणतात, 'किती पुण्याचं काम!' मला हा शब्द आवडत नाही. हे प्रशिक्षणाचं, पगाराचं काम आहे आणि मुलांच्या हक्काचं आहे.

आपल्या वस्तीतल्या मुलांबाबत शाळा दोन उलट्या चुका करते, असं मी पाहिलं.

पहिली, खरी अडचण दिसतच नाही. चौथीतला एक मुलगा हाक मारली तरी बघायचा नाही. वहीवर शेरा होता, 'लक्ष नाही, घरी वातावरण नाही.' मी जवळ बसले तर त्याच्या कानाला वास येत होता. लहानपणापासून कान वाहायचा, आई गरम तेल घालायची. तपासणीत दोन्ही पडद्यांना भोक निघालं. म्हणजे तीन वर्षं तो बाईंचं अर्धंच वाक्य ऐकत होता. डॉक्टरांचा मुलगा असा गप्प बसला असता तर शाळेने आठवड्यात पालकांना बोलावलं असतं. आपलं मूल मागे पडलं याचं कुणाला नवलच वाटलं नाही.

दुसरी चूक, अडचण नसताना शिक्का. एका मुलीचा बुद्ध्यांक ६२ काढून तिला विशेष शाळेत पाठवायचं ठरलं होतं. आपल्याकडची जुनी बिने-कामत चाचणी मराठी आणि कन्नड बोलणाऱ्या मुलांवरच बेतलेली आहे, चाचणीला मी नावं ठेवत नाही. पण समोर अनोळखी साहेब, बोली पुस्तकी, मुलगी तोंडच उघडेना. नुसत्या आकड्यावर बौद्धिक अक्षमता ठरत नाही, रोजचा व्यवहारही पाहावा लागतो. त्यासाठीच्या व्हाइनलँड मापनश्रेणीचं भारतीय रूप मॅलिन यांनी आपल्या नागपुरातच केलं. ती घेऊन मी आईजवळ बसले. मुलगी किराणा आणते, सुटे पैसे मोजून घेते, नळावर नंबर लावते, धाकट्याला जेवू घालते. तिला वाचायला कुणी शिकवलंच नव्हतं, एवढीच भानगड. बाराखडीपासून वर्षभर बसवलं, वाचू लागली.

दोन्ही चुकांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे. या मुलांकडून अपेक्षाच नाही.

आणि हे फक्त शाळेचं नाही. बावीस प्रतिज्ञा तोंडपाठ असलेल्या घरातही 'मागच्या जन्माचं काही असेल' हे मी ऐकलंय. ज्या कर्मसिद्धांताने आपल्याला गावकुसाबाहेर ठेवलं, तोच आपण आपल्या अपंग लेकराला लावतो! तेलाची गोष्ट त्या आईने मला सांगितली, कारण मी तिच्या ओळखीची. बाहेरच्या साहेबाला आया 'सगळं बरं आहे' एवढंच सांगतात.

२०११च्या जनगणनेत देशात अपंगांचं प्रमाण २.२१ टक्के होतं, अनुसूचित जातींमध्ये २.४५. कुपोषण, न झालेले उपचार, धोक्याची कामं... कारणं तुम्हाला माहीत आहेत.

तुम्ही घरातले पहिले पदवीधर. गल्लीतले फॉर्म तुमच्याकडेच येतात, म्हणून सांगते. २०१६च्या कायद्यात अपंगत्वाचे २१ प्रकार आहेत. त्यात विदर्भातला सिकलसेलही आहे, हे अनेकांना ठाऊक नसतं. ४० टक्के किंवा त्याहून जास्त अपंगत्व असलेल्या मुलाला ६ ते १८ वयापर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. पुढे उच्च शिक्षणात ५ टक्के आणि सरकारी नोकरीत ४ टक्के जागा. हे आरक्षण समांतर आहे, त्यामुळे जातीचा दाखला काढला म्हणून अपंगत्वाचं प्रमाणपत्र सोडू नका. दोन्ही काढा. आणि तुमच्यातल्या काहींनी विशेष शिक्षणाचं डी.एड., बी.एड. करा. भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेलंच कॉलेज बघा, नाहीतर नोंदणी होत नाही आणि फी पाण्यात जाते.

आणखी एक, हे आजच करता येईल. घरातल्या लहान मुलाच्या मागे हातभर अंतरावर उभं राहा, एकेक कान झाकायला सांगा आणि हळू आवाजात ओळखीचे शब्द म्हणा. त्याला ते परत म्हणता आले नाहीत तर सरकारी दवाखान्यात कान-नाक-घसा विभागात न्या. केसपेपरच्या रांगेत सकाळ जाते, सोबत डबा ठेवा.