नव्या डिस्कची चौकशी



या व्याख्यानमालेच्या चालकांनी मला बोलावले, तेव्हा मी संपाविषयी किंवा निदान नव्या कामगार संहितांविषयी बोलेन अशी त्यांची अपेक्षा असावी. विषय कोणता, असे त्यांनी फोनवर विचारले. मी म्हटले, संगणकात नवी डिस्क बसवली आणि ती भलतेच वागू लागली तर काय करावे, हा. पलीकडून थोडा वेळ काहीच आवाज आला नाही. मी काही या शास्त्रातला पंडित नव्हे. लवादाचे निवाडे शब्दकोश जवळ ठेवून वाचायला शिकलो, आणि संगणकाची माहितीपुस्तकेही त्याच पद्धतीने वाचली. पण हा विषय माझ्या कामात कसा आला, ते आधी सांगतो.

कारखाना बंद पडतो तेव्हा मालक जातो, यंत्रे भंगारात जातात आणि जागेवर इमारत उठते. मागे राहतो तो कामगार. त्याच्यापाशी पगाराच्या चार पावत्या, हजेरीकार्ड आणि एखादे नेमणुकीचे पत्र, एवढीच इस्टेट असते. वर्षात २४० दिवस काम केले हे सिद्ध करण्याचे ओझे कामगारावर आहे आणि त्यासाठी त्याचे नुसते प्रतिज्ञापत्र पुरेसे नाही, पगार मिळाल्याचा किंवा नेमणुकीचा काही पुरावा हवा, असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली सांगितले. तेव्हापासून आम्ही कागद जपू लागलो. घुशी, ओल आणि पावसाळा यांच्याशी किती वर्षे झगडणार? म्हणून अनेक बंद कारखान्यांतील कामगारांचे कागद यंत्रावर टिपून संगणकात साठवले. जुनी डिस्क भरली, तेव्हा वर्गणीतून चार टेराबाइटची नवी डिस्क घेतली. तिच्यावर जे जायचे होते ते असे होते. माझ्या आस्थेचे कारण तुमच्या ध्यानात आले असेल.

डिस्क म्हणजे काय, ते थोडक्यात सांगतो. फिरत्या चकत्यांवर चुंबकीय खुणा करून अक्षरे साठवायची, ही मूळ कल्पना. १९५६ साली आयबीएम कंपनीने असे पहिले यंत्र विक्रीला काढले, त्यात दोन फूट व्यासाच्या ५० चकत्या होत्या आणि सारी मिळून ५० लाख अक्षरे मावत. आज तळहातावर मावणाऱ्या डिस्कमध्ये चार लाख कोटी अक्षरे मावतात. चकती मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेरे घेते आणि वाचणारे टोक तिच्यापासून काही नॅनोमीटर अंतरावर तरंगते. इतके नाजूक यंत्र बिघडणारच, असे कोणालाही वाटेल. म्हणून काही विपरीत घडले की पहिला संशय तिच्यावर जातो. कारखान्यात माल खराब निघाला की पहिला संशय यंत्रावरच्या माणसावर जातो, तसाच.

आमच्याकडे पहिली तक्रार पहिल्याच दिवशी आली. पेटीवर चार टेराबाइट लिहिलेले आणि संगणक दाखवतो ३.६३. कार्यालयातली मंडळी खवळली, दुकानदाराने मापात मारले म्हणू लागली. वस्तुतः कोणी काही मारलेले नव्हते. डिस्क करणारे हजाराच्या पटीने मोजतात आणि विंडोज १०२४ च्या पटीने मोजते, नाव मात्र दोघे तेच वापरतात. आपल्याकडे कच्चा शेर आणि पक्का शेर होता, त्यातलाच हा प्रकार. चार टेराबाइटांवर हा फरक सुमारे नऊ टक्के भरतो. ज्याला हे ठाऊक नाही, तो दुकानदाराशी फुकट भांडतो.

दुसरा घोटाळा अधिक फसवा असतो. डिस्क चारची, पण वापरायला मिळतात दोनच टेराबाइट आणि उरलेली जागा संगणक नुसती पडीक दाखवतो. याचे मूळ १९८३ सालात आहे. त्या वर्षी डिस्कच्या वाटण्या लिहिण्याची जी पद्धत छोट्या संगणकांत आली, तिला एमबीआर म्हणतात. डिस्क ५१२ अक्षरांच्या कप्प्यांत वाटलेली असते आणि या पद्धतीत कप्प्यांच्या क्रमांकासाठी ३२ द्विमान अंकांचीच जागा ठेवलेली आहे. त्यामुळे ४२९ कोटी कप्प्यांपलीकडे मोजताच येत नाही. त्याला ५१२ ने गुणा, म्हणजे दोन टेराबाइटांशी गाडी थांबते. उपाय सोपा आहे. डिस्क कामाला लावताना संगणक विचारतो की वाटणी एमबीआर पद्धतीची हवी की जीपीटी. तेथे जीपीटी सांगावे. मात्र हे सांगायचे ते कागद भरण्यापूर्वी, कारण विंडोजच्या नेहमीच्या साधनाने नंतर पद्धत बदलायची तर सारी वाटणी पुसावी लागते.

या दोन टेराबाइटांच्या कुंपणावरून काही डबेवाल्यांनी एक उडी मारली आहे. जेवणाचे डबेवाले नव्हेत, संगणकाला बाहेरून जोडायच्या डिस्कचे डबे करणारे. त्यांतले काही डबे ५१२ अक्षरांचे आठ कप्पे एकत्र करून ४०९६ अक्षरांचा एकच कप्पा आहे, असे संगणकाला सांगतात. कप्पा आठपट झाला की कुंपणही आठपट लांब जाते आणि जुना संगणकही मोठी डिस्क आनंदाने वापरतो. आता पाहा, पुढे एका गावी काय झाले. दुसऱ्या एका संघटनेच्या कार्यालयाने अशा डब्यातल्या डिस्कवर कागद साठवले. वर्षभराने डबा नको म्हणून डिस्क बाहेर काढली आणि संगणकाच्या पोटात बसवली. संगणकाने सांगितले की ही डिस्क वापरण्यापूर्वी फॉरमॅट करावी लागेल, करू का? त्यांनी बटण न दाबता आम्हाला फोन केला, हे त्यांच्या सभासदांचे भाग्य. चाळीत आठ खोल्यांना मिळून एक क्रमांक दिलेला असावा आणि नव्या पोस्टमनने एकेक खोली मोजत पत्ता शोधावा, तसे झाले होते. खोल्या जागेवर, माणसे जागेवर, पण पत्र पोचत नाही. मी त्यांना म्हटले, काही दाबू नका, डिस्क पुन्हा त्याच डब्यात घाला. घातली, आणि सगळे कागद दिसू लागले. मग ते आधी दुसरीकडे उतरवले आणि त्यानंतरच डिस्क नव्याने आखली.

"फॉरमॅट करू का" हा प्रश्न संगणक इतक्या सौम्यपणे विचारतो की माणूस सहज हो म्हणतो. व्यवस्थापन कामगाराला कोऱ्या कागदावर सही मागते तेव्हाही आवाज असाच गोड असतो.

आता आमच्या मुख्य खटल्याकडे येतो. जीपीटी वाटणी करून आम्ही जुन्या डिस्कवरून नवीवर कागद उतरवायला घेतले. पहिला तास ठीक गेला. मग उतरवणे मध्येच थबके, मिनिटभर काही हालत नसे, पुन्हा चालू होई. दुसऱ्या दिवशी तर डिस्क दोनदा दिसेनाशीच झाली, संगणक बंद करून चालू केल्यावर परत आली. कार्यालयात मतांना तोटा नसतो. एकाचे मत, संगणकावर बसणाऱ्या मुलीने काहीतरी भलते दाबले. दुकानदाराला फोन केला तर तो म्हणाला, "साहेब, डिस्क फॉल्टी निघाली. फॉरमॅट मारून घेऊन या, बदलून देतो." आरोपपत्र नाही, साक्षीदार नाही, थेट बडतर्फी! मी म्हटले, आधी चौकशी होऊ द्या.

या चौकशीत सर्वांत मोठा साक्षीदार खुद्द डिस्कच असते, हे पुष्कळांना ठाऊक नसते. प्रत्येक डिस्क आपल्या पोटात एक रोजनिशी ठेवते, तिला स्मार्ट म्हणतात. क्रिस्टलडिस्कइन्फोसारख्या फुकट मिळणाऱ्या प्रोग्रॅमने ती वाचता येते. तीत कलमे पुष्कळ आहेत, पण आपल्याला तीन पुरतात. पाचवे कलम सांगते की किती कप्पे खराब ठरवून बाजूला काढले. १९७ वे सांगते की किती कप्प्यांविषयी डिस्कला शंका आहे आणि निकाल अजून लागलेला नाही. आणि १९९ वे सांगते की डिस्क आणि संगणक यांच्यामधल्या रस्त्यावर किती वेळा माल चुकला. पहिली दोन कलमे वाढली तर दोष बहुधा डिस्कच्या अंगात असतो. तिसरे वाढले तर दोष बहुधा रस्त्यात, म्हणजे केबलीत किंवा तिच्या जोडात असतो.

हे तिसरे कलम जरा फोडून सांगतो. माल गठ्ठ्यागठ्ठ्याने जातो आणि प्रत्येक गठ्ठ्याबरोबर त्याच्या हिशेबाची एक चिठ्ठी जाते. घेणारा पुन्हा हिशेब करतो. चिठ्ठीशी जुळला नाही तर गठ्ठा परत मागवतो आणि वहीत एक खूण करतो. म्हणून केबल खराब असली तरी कागद सहसा बिघडत नाहीत, काम मात्र रखडते आणि फारच झाले तर संपर्क तुटतो. आमची लक्षणे हीच होती. रोजनिशी उघडली तो पाचवे आणि १९७ वे कलम शून्य, आणि १९९ व्या कलमात चाळिसाच्या वर नोंदी!

संगणकाचे झाकण उघडले. केबल लांबीला कमी पडत होती म्हणून बसवणाऱ्याने ती ताणून, काटकोनात मोडून झाकणाखाली दाबली होती. नवी केबल घातली, दुसऱ्या जोडात. यात एक पथ्य पाळावे लागते, ते असे की एका वेळी एकच गोष्ट बदलायची. आम्ही केबल आणि जोड दोन्ही एकदम बदलले असते तर गुन्हेगार कोण हे कळले नसते, म्हणून मी जोड पुन्हा पहिलाच घ्यायला लावला. नव्या केबलीने त्याच जुन्या जोडातून रात्रभर कागद उतरवले. सकाळी पाहतो तर कार्यालयातले एक गृहस्थ कपाळाला आठ्या घालून बसलेले. "आकडा शून्य झालाच नाही हो!" तो होतही नसतो. १९९ व्या कलमातला आकडा कधी उतरत नाही, झालेली चूक वहीत राहतेच. पाहायचे ते तो पुढे वाढतो की नाही एवढेच. आमचा तेथेच थांबला होता. आणखी एक सूचना, काही प्रोग्रॅम हे आकडे सोळाच्या पायावर दाखवतात, तेथे १० दिसले तर सोळा समजावे.

त्यानंतर डिस्कची दीर्घ चाचणी लावली. तीत डिस्क स्वतःचा प्रत्येक कप्पा वाचून पाहते, चार टेराबाइटला सात-आठ तास सहज लागतात. ही चाचणी नव्या डिस्कला अवश्य द्यावी, कारण यंत्रे एकदा कोवळ्या वयात आणि एकदा म्हातारपणी अधिक दगावतात. आमची निर्दोष सुटली. संगणकावर बसणारी मुलगीही सुटली, पण तिची माफी कोणी मागितल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

केबलीइतकाच दुसरा लपलेला गुन्हेगार म्हणजे वीजपुरवठा. मोठी डिस्क चालू होताना, चकत्यांना वेग येईपर्यंत, बारा व्होल्टवर दोन अँपिअरच्या आसपास वीज ओढते. जुना थकलेला पुरवठा, त्यात एका तारेला दोन-तीन फाटे फोडलेले, मग डिस्क फिरू लागते, दम लागून थांबते, पुन्हा फिरू पाहते आणि टक्‌टक्‌ वाजते. ऐकणारा म्हणतो, डिस्क मेली. दुसऱ्या पुरवठ्यावर लावून पाहिल्याशिवाय तसे म्हणू नये. मात्र चांगल्या पुरवठ्यावरही लयीत टक्‌टक्‌ चालूच राहिली तर आशा धरू नये आणि ती पुन्हापुन्हा चालू करूनही पाहू नये. आत जे वाचवण्यासारखे असेल त्याचे त्याने नुकसान होते.

काही वेळा मात्र दोष ना डिस्कचा असतो ना केबलीचा. डिस्क केलेलीच तशी असते, आणि तुम्हाला कोणी सांगितलेले नसते. कौलारू छपरावर एक कौल दुसऱ्यावर थोडे चढलेले असते ना, तसे काही डिस्कांवर लेखनाचे पट्टे एकमेकांवर चढवलेले असतात. जागा वाचते, पण मधले एक कौल बदलायचे तर वरची कितीतरी उचलावी लागतात. अशी डिस्क आलेला माल आधी एका मोकळ्या ओटीवर घेते आणि सवडीने आत लावते. ओटी भरली की वेग एकदम कोसळतो. घरगुती कामाला हे चालते. पण २०२० साली उघड झाले की वेस्टर्न डिजिटल कंपनीच्या रेड मालिकेतील दोन ते सहा टेराबाइटच्या काही डिस्का या पद्धतीच्या होत्या आणि तसे ग्राहकाला सांगितलेले नव्हते. ही मालिका अनेक डिस्कांच्या जुडग्यात वापरण्यासाठी म्हणून विकली जात होती. जुडग्यातील एक डिस्क बदलली की नवीवर एकसारखे लेखन तासन्‌तास चालते, ते तिला झेपेना आणि जुडगे तिला नादुरुस्त समजून बाहेर काढी. गिऱ्हाइके बिचारी केबली बदलत बसली. बोभाटा झाल्यावर कंपनीने कौलारू नसलेल्या डिस्कांना रेड प्लस असे वेगळे नाव दिले. करारात न लिहिलेली अट कामगाराला नंतर कळते, तेव्हा तो जसा चिडतो, तसेच ते लोक चिडले होते, आणि ते रास्तच होते. म्हणून खरेदीपूर्वी डिस्क सीएमआर की एसएमआर हे विचारावे. एसएमआर म्हणजे कौलारू.

आमच्या खटल्याचा शेवट सांगतो. कागद उतरवून झाल्यावर दोन्ही डिस्कांवरील प्रत्येक फाइलची खूणसंख्या काढून एकीशी दुसरी ताडून पाहिली, आणि शिवाय प्रत्येक कारखान्याचे दहा-दहा कागद डोळ्यांनी उघडून पाहिले. जुनी डिस्क पुसली नाही. ती कपाटात आहे, तिच्यावर तारीख घातली आहे. आणि तिसरी प्रत, केवळ आग आणि पुराच्या भयाने, शहराच्या दुसऱ्या टोकाला एका निवृत्त सभासदाच्या घरी ठेवली आहे. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी तो ती पिशवीतून घेऊन येतो, नव्या महिन्याचे कागद तिच्यावर चढवले जातात, आणि चहा पिऊन तो ती परत घेऊन जातो.