घरच्या माणसांचे चांगले फोटो



आज आपल्या बहुतेकींच्या हाती मोबाईल आहे. लग्नकार्यात, बारशाला, कानबाईच्या उत्सवात आपण शेकडो फोटो काढतो. तरीही घरातले वडीलधारे माणूस गेले की भिंतीवर लावायला एक बरा फोटो सापडत नाही. मग लग्नातल्या घोळक्यातून चेहरा कापून मोठा करावा लागतो. त्यातून बाईमाणसाचा फोटो तर दुर्मिळच. कारण सगळे फोटोला उभे राहतात तेव्हा ती चुलीपाशी असते. म्हणून चार सोप्या गोष्टी सांगते.

पहिली गोष्ट स्वच्छतेची. आपले हात तेलापिठाचे. कॅमेऱ्याच्या काचेवर बोट लागले की फोटो धूसर येतो. आधी ती काच मऊ सुती कापडाने पुसावी.

दुसरी उजेडाची. जळगाव असो की धुळे, आपल्याकडचे दुपारचे ऊन डोळ्यांखाली काळ्या सावल्या पाडते. त्यापेक्षा माणसाला ओसरीच्या सावलीत किंवा खिडकीपासून दोन-तीन हातांवर, उजेडाकडे तोंड करून बसवावे. खिडकी पाठीमागे आली तर चेहरा काळवंडतो. खोलीतला पिवळा दिवा मालवावा. दोन तऱ्हेचे उजेड मिसळले की रंग बिघडतो.

तिसरी अंतराची. पडद्यावर बोटे ताणून चित्र मोठे करू नये, त्याने बारकावे जातात. त्यापेक्षा आपणच दोन पावले पुढे जावे. मात्र फार जवळ गेल्यास नाक मोठे दिसते. चार-पाच फुटांचे अंतर बरे. आजी पाटावर बसली असेल तर आपणही खाली बसावे. मोबाईल तिच्या डोळ्यांच्या पातळीवर, दोन्ही हातांनी, कोपरे अंगाशी टेकवून धरावा आणि पडद्यावर तिच्या चेहऱ्यावर बोट टेकवावे. म्हणजे चेहरा स्पष्ट येतो.

आणखी एक. फोटो म्हटला की आजी पदर सावरून ताठ होते. तिला आधी विचारावे, मग तिच्या कामात राहू द्यावे. खापरावर मांडा टाकणारे किंवा बिबडे थापणारे तिचे हात हीच तिची खरी ओळख.

चौथी गोष्ट जपणुकीची. मेजर रॉबर्ट गिल हा इंग्रज अधिकारी १८४४ साली अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करण्यासाठी नेमला गेला. कित्येक वर्षे खपून केलेल्या त्याच्या बहुतेक नकला १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधील आगीत जळाल्या. पुढे १८७९ साली तो वारला. त्याची कबर आपल्या भुसावळला आहे. एकाच ठिकाणी ठेवलेला ठेवा एका दिवसात जातो, हा त्यातला धडा. मोबाईल पाण्यात पडतो, हरवतो, बिघडतो. म्हणून निवडक फोटो दुसऱ्या ठिकाणीही साठवावेत, आणि वर्षाकाठी दहा-वीस तरी कागदावर छापून, मागे नाव व तारीख लिहून ठेवावेत. नाव लिहिले नाही, तर आपल्या नातवंडांना तो चेहरा परका होईल.

भगिनींनो, येत्या आठवड्यात आपल्या घरातल्या ज्या बाईचा एकही चांगला फोटो नाही, तिला सकाळच्या उजेडात खिडकीपाशी बसवा. आणि मग मोबाईल लेकीच्या किंवा सुनेच्या हाती देऊन आपणही त्या जागी बसा. कारण पुष्कळ घरांत ती बाई आपण स्वतःच असतो.