‘बरोबर’ म्हणजे काय?

सौंसर तालुक्यातील रामाकोना हे छिंदवाडा-नागपूर रेल्वेमार्गावरील गाव. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली, तेव्हा नागपूर मुंबई राज्यात गेले आणि छिंदवाडा मध्य प्रदेशात राहिला. २०२३ साली पांढुर्णा हा नवा जिल्हा झाला, आणि सौंसर त्यात आले. या पट्ट्यात घरोघरी मराठी बोलली जाते. कारभाराची भाषा मात्र हिंदी. या गोष्टीचा बालकांच्या अंकगणिताशी एक गमतीचा संबंध आहे.

मराठीत ‘बरोबर’ हा शब्द दोन कामे करतो. ‘तीन अधिक दोन बरोबर पाच’ येथे तो समानता सांगतो. ‘तुझे गणित बरोबर आहे’ येथे अचूकपणाची ग्वाही देतो. हिंदीने ही कामे वाटून टाकली आहेत: समान ते ‘बराबर’, अचूक ते ‘सही’. ‘३ + २ = ६’ यात ‘बरोबर’ आहे, तरी ते बरोबर नाही, असे सांगताना मराठी शिक्षकाचीच जीभ अडखळते! रामाकोन्याच्या मुलाला हा भेद दोन भाषांनी आयताच दिला आहे. त्याचा उपयोग कोणी करून घेतला पाहिजे, इतकेच.

कारण चूक होते ती नेमकी येथे. बालकाच्या वहीत बेरीज डावीकडे, उत्तर उजवीकडे, आणि मध्ये त्या दोन समांतर रेघा. पाढ्यांत तर तेवढेही नाही; ‘बे दुणे चार’ म्हटले की उत्तर पुढे उभे. त्यामुळे त्या रेघांचा अर्थ ‘आता उत्तर लिही’ असा मुलाच्या मनात ठसतो. अमेरिकेतील १९९९ सालच्या एका अभ्यासात सहावीच्या १४५ मुलांस ‘८ + ४ = □ + ५’ ही रिकामी चौकट भरावयास दिली होती. कोणी १२ लिहिले, कोणी १७. सात एकासही सुचले नाहीत. या मुलांस बेरीज येत नव्हती असे नव्हे, चिन्हच कळले नव्हते. पुढे बीजगणितात ‘क्ष’ भेटतो, तेव्हा हीच मुले ‘गणित आपल्या नशिबी नाही’ असे समजून मागे राहतात.

वास्तविक हे चिन्ह निर्माण झाले ते समानता दाखविण्यासाठीच. रॉबर्ट रेकॉर्ड याने १५५७ साली ते योजिले, कारण समान लांबीच्या दोन समांतर रेघांहून अधिक सारखे काय असणार, असे त्यास वाटले. आपल्याकडे त्यापूर्वी कित्येक शतके समीकरणाच्या दोन बाजूंस ‘पक्ष’ म्हणत आणि ते एकाखाली एक मांडीत. प्रश्न कोणता आणि उत्तर कोणते, हा भेद त्या मांडणीत नाहीच.

यावर उपाय अगदी साधा आहे. मुलास उत्तर विचारू नये, निवाडा विचारावा. फळ्यावर ‘३ + ४ = ७’ लिहावे; सारी मुले ‘सही’ म्हणतील. मग ‘७ = ३ + ४’ लिहावे. येथे कुजबुज सुरू होते. ‘उलटे लिहिले’ अशी तक्रार येते. ‘७ = ७’ पाहून तर ‘यात गणितच नाही’ म्हणतील. त्यानंतर ‘३ + ४ = ७ + २’ लिहावे आणि गप्प राहावे. पुष्कळशी मुले त्यास ‘सही’ म्हणतील, कारण सातापर्यंतच त्यांची नजर जाते. शिक्षकाने घाईने चूक दाखवू नये. मुलांस आपसांत भांडू द्यावे.

भांडण मिटविण्यास तराजू आहे. हा मुलूख संत्र्यांचा. पण बाजारात आता विजेचे काटे आले, आणि त्यांत एका बाजूस माल व दुसऱ्या बाजूस आकडा, म्हणजे पुन्हा तोच घोटाळा. म्हणून काठी, दोरी आणि डब्यांची दोन झाकणे यांची तागडी मुलांकडूनच करवून घ्यावी. एका पारड्यात तीन आणि चार, दुसऱ्यात सात आणि दोन सारख्या गोट्या टाकल्या की दांडी कलते. वजाबाकी मात्र तागडीवर नीट दाखविता येत नाही, हे ध्यानी असावे.

एवढे झाल्यावर ‘३८ + २७ = ३९ + २६’ हे वाक्य द्यावे आणि बेरीज करण्यास मनाई करावी. थोड्या वेळाने एखादे मूल म्हणेल, “इकडं एक वाढला, तिकडं एक कमी झाला.” हे बरोबर आहे की बराबर, याचा खल मग त्या वर्गातच होऊ द्यावा.