गालावरची वाळू
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



संयोजकांनी सांगितलं होतं, की प्रत्येकानं आपापल्या कामाबद्दल दहा मिनिटं बोलायचं. माझ्याआधी आपले डॉक्टर बोलले, बँकवाले बोलले, द्राक्षबागायतदार बोलले. मी फोटोवाला. पंचवटी कारंज्याजवळ गेली तीसेक वर्षं माझा स्टुडिओ आहे. इथल्या निम्म्या मंडळींचे पासपोर्ट साइज फोटो मीच काढलेत. ते हातात पडल्यावर तुम्ही मला काय काय बोललात, ते सरांसमोर सांगत नाही.

विषय एकच निवडलाय, आणि तो छोटा आहे. समुद्रावर काढलेले लहान मुलांचे फोटो दुरुस्त कसे करायचे आणि कुठे थांबायचं. तुम्ही म्हणाल, नाशिकला कुठे आलाय समुद्र? आपल्याला गोदामाई. पण मे महिना सरला किंवा दिवाळीची सुट्टी संपली, की समुद्र माझ्या दुकानात येतो. काशीद, दिवेआगर, हरिहरेश्वर, गणपतीपुळे. मोबाइलमध्ये तीनशे फोटो असतात, त्यातला एक निवडून मोठा करायचा असतो, आजीच्या खोलीत लावायला. आणि गिऱ्हाइकाचं वाक्य ठरलेलं असतं : "फोटो छानच आहे हो, पण जरा चांगला करून द्या."

आता चांगला म्हणजे काय, याच्यावरच माझं सगळं दुकान उभं आहे.

आधी सोपा भाग सांगतो. समुद्रावरचे फोटो बिघडतात ते उन्हामुळे. आपण जेवणाआधी, बारा वाजता पोरांना पाण्यात सोडतो. ऊन डोक्यावर असतं, त्यामुळे डोळ्यांच्या खोबणीत आणि नाकाखाली काळ्या सावल्या पडतात. खालून वाळू प्रकाश परत फेकते, म्हणून पोर डोळे बारीक करतं. मागे आभाळ आणि पाणी इतकं लखलखीत असतं, की कॅमेरा तेवढंच पाहून फोटोचा उजेड कमी करतो आणि चेहरा अंधारात जातो. काशीदची वाळू पांढुरकी आहे, रेवदंड्याची काळसर. एकाच मुलाचा, एकाच कॅमेऱ्यानं काढलेला फोटो दोन्हीकडे वेगळा येतो. हा अनुभव घ्यायला कोकणातच जायला हवं असं नाही. गांधी तलावात भर दुपारी उड्या मारणारी ओली पोरं मोबाइलमध्ये टिपून बघा, हेच होतं.

म्हणून शक्य असेल तर सकाळी लवकर किंवा सूर्य मावळायच्या आधीच्या तासात फोटो काढा. दुपारीच काढायचा असेल तर पोराला सुरूच्या बनात सावलीला घ्या. आणि खाली बसा. आपण उभे राहून खाली बघत फोटो काढतो, त्यात मूल बुटकं दिसतं. त्याच्या डोळ्यांच्या उंचीला कॅमेरा आला, की अर्धी दुरुस्ती तिथेच झाली.

उरलेली दुरुस्ती मी क्रमानं करतो. पहिल्यांदा क्षितिज सरळ करतो. वाकडा समुद्र पाहिला, की पाणी सांडतंय असं वाटतं. मग रंग. सावलीतल्या फोटोवर आभाळाची निळसर झाक येते. फोटोत पांढरा सदरा किंवा टॉवेल असेल तर तो पांढरा दिसेपर्यंत रंग सरकवायचा, कातडी आपोआप जागेवर येते. मग फक्त चेहऱ्यावरच्या सावल्या थोड्या उघडायच्या, डोळे दिसतील इतक्याच. मागची प्लॅस्टिकची पिशवी, घोड्याची लीद, कुणाचा तरी अर्धा खांदा, हे खुशाल काढून टाका. पाणी मात्र मालदीवसारखं निळंशार करू नका. कोकणातला समुद्र खाडीच्या तोंडाशी गढूळच असतो, आणि पोर त्याच गढूळ पाण्यात नाचून आलेलं असतं. शेवटचं, मूळ फोटो कधीही पुसू नका. दुरुस्त केलेला वेगळा ठेवा.

आपल्या गावाला या बाबतीत मोठा वारसा आहे. दादासाहेब फाळके १८७० साली त्र्यंबकेश्वरला जन्मले, हे आपल्याला शाळेतच शिकवलं होतं. सिनेमाच्या आधी ते फोटोग्राफर होते. नाशिकच्या हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनीतून १९१९ साली त्यांचा 'कालिया मर्दन' आला. त्यात बाळकृष्णाचं काम त्यांच्या लहानग्या मुलीनं, मंदाकिनीनं केलं. गोष्ट यमुनेच्या पाण्यातली. पण चित्रपट सुरू होतो तो मंदाकिनीच्या चेहऱ्यानं. राग, हसू, भीती, एकामागून एक. यमुना आणि कालिया नंतर येतात. शंभर वर्षांपूर्वी फाळक्यांना ठाऊक होतं, की मुलाचा चेहरा हाच बघण्याजोगा देखावा असतो. आपण मात्र फोटोत पाठीमागचा समुद्र मावावा म्हणून पोराला मागे मागे सरकायला सांगतो.

आता अवघड भाग.

मी शाळा सोडल्यावर ज्या स्टुडिओत उमेदवारी केली, तिथे निगेटिव्हवर पेन्सिलीनं टचिंग करायचो. तिरप्या काचेवर निगेटिव्ह ठेवायची, मागून उजेड, तिच्यावर पातळ मीडियम चोळायचं आणि सुईसारखं टोक केलेल्या पेन्सिलीनं बारीक बारीक ठिपके भरायचे. निगेटिव्हमध्ये सगळं उलटं असतं. सुरकुती किंवा डाग तिथे पारदर्शक दिसतो. तिथे शिसं भरलं, की कागदावर ती जागा उजळ येते. एका चेहऱ्याला तास-तास लागायचा. एवढा वेळ लागत असल्यामुळे माणूस विचार करून हात लावायचा. मुलांच्या निगेटिव्हला तर कुणी फारसं शिवायचंच नाही, कारण भरायला काही नसायचंच.

मग संगणक आला. फोटोशॉप बाजारात आलं १९९० साली. नोल नावाच्या दोन भावांनी ते बनवलं. लोकांना दाखवायला त्यांनी जो फोटो वापरला तो नेमका समुद्रकिनाऱ्यावरचा होता. त्यातल्या एका भावाची होणारी बायको बोराबोरा बेटावर वाळूत पाठमोरी बसलेली. त्या फोटोतून माणूस उचलायचा, एकाचे दोन करायचे, बेट हलवायचं, हे लोकांना करून दाखवत. आज जगातला प्रत्येक फोन जे करतो, त्याची सुरुवात अशी किनाऱ्यावर झाली. पेन्सिलीचा एक तास गेला आणि बोटाचं एक घासणं आलं. मुलांच्या चेहऱ्याला हात लावणं तेव्हापासून सोपं झालं.

आणि लोक काय लावायला सांगतात? शंभरातल्या फार थोड्यांना क्षितिज सरळ हवं असतं. बाकीचे म्हणतात, "जरा उजळ करा." समुद्रावरून पोर रापून आलेलं असतं, ते ठीक. पण पुष्कळदा पोर रापलेलं नसतं. त्याचा रंगच तो असतो.

यात सगळा दोष आईबापांचा नाही. रंगीत फोटो छापणाऱ्या प्रयोगशाळांत अनेक वर्षं रंग जुळवायला कोडॅकचं एक कार्ड वापरत. त्याला शर्ली कार्ड म्हणायचे, कारण त्यावरच्या पहिल्या मॉडेलचं नाव शर्ली. त्या कार्डावरची बाई गोरी. तिची कातडी बरोबर आली, की यंत्र बरोबर. आपल्यासारख्यांचे चेहरे त्या हिशोबात काळपट आणि सपाट यायचे. वेगवेगळ्या वर्णांच्या बायका एकत्र असलेलं कार्ड यायला १९९०चं दशक उजाडलं. म्हणजे कॅमेऱ्यातसुद्धा आपल्या रंगाला बरोबर मानायला उशीरच झाला. गोरेपणाच्या त्या प्रसिद्ध क्रीमनंसुद्धा नावातला 'फेअर' हा शब्द काढला तो २०२० साली.

पण मंडळी, आपण पंचवटीचे. आपल्या शाळेच्या प्रत्येक परीक्षेआधी आपण कुणाच्या पायांवर डोकं ठेवत होतो? काळारामाच्या. गोरारामही आहे आपल्याकडे. दोघांनाही आपण हात जोडतो. आजवर एकाही भक्तानं पुजाऱ्याला सांगितलं नाही, की मूर्ती जरा उजळ करून द्या. देवाला जे लागू, ते पोराला का नाही?

दोन वर्षांपूर्वी एक बाई आठ-नऊ वर्षांच्या मुलीला घेऊन आल्या. फोटो दिवेआगरचा. मुलगी पाण्यात उभी, केस ओले, तोंडभर हसू. आई म्हणाली, "दादा, हिला जरा गोरं करा, वाढदिवसाच्या बॅनरवर घ्यायचाय." मी दोन फोटो केले. एकात फक्त चेहऱ्यावरची सावली उघडली. दुसऱ्यात सांगितलं तसं गोरं केलं. दोन्ही शेजारी शेजारी लावले. आई दुसऱ्याकडे बघत होती. मुलगी उठली, पडद्यापाशी आली आणि तिनं आपला हात त्या गोऱ्या गालाशेजारी धरला. एकदा हाताकडे पाहिलं, एकदा पडद्याकडे. मग हात फ्रॉकच्या मागे घेतला.

ती काही बोलली नाही. आईनंही ते पाहिलं. बॅनरवर पहिला फोटो गेला. पण ते मागे घेतलेलं मनगट मला अजून दिसतं. ज्या घरी असा दुसराच फोटो भिंतीवर लागत असेल, तिथलं पोर रोज जेवताना तो बघत असेल. आपल्यातलं काहीतरी चुकलंय आणि ते घरच्यांनी पैसे देऊन दुरुस्त करून आणलंय, एवढं त्याला कळतं. नऊ वर्षांच्या पोराला नक्कीच कळतं.

दुसरी गोष्ट सांगून संपवतो. एक जोडपं आलं होतं. त्यांचा मुलगा आजारात गेला होता. एकट्याचा, चांगला मोठा फोटो असा नव्हताच. होता तो समुद्रावरचा ग्रुप फोटो. भावंडांची रांग, हा सगळ्यात कडेला, चेहरा नखाएवढा, डोळे उन्हानं मिटल्यासारखे. तो मोठा करायचा होता. असं काम फार सावकाश करावं लागतं. फार ताणलं की चेहरा मेणाचा होतो. आजची नवी सॉफ्टवेअर तर कमी पडलेला चेहरा स्वतःच्या मनानं भरतात. दिसायला सुरेख दिसतो, पण तो भलत्याच कुणाचा तरी असतो. मी तसं केलं नाही. सावल्या उघडल्या, कणकण जरा कमी केले, थोडा धूसर राहू दिला. गालावर वाळू चिकटलेली होती आणि भुवईत पडल्याची जुनी खूण होती. मी विचारलं, "हे काढू का?"

आई म्हणाल्या, "नको. ती खूण सायकलवरनं पडला तेव्हाची आहे. आणि वाळू राहू द्या. त्या दिवशी दिवसभर मी ती पुसत होते, तो परत लावून घेत होता."

त्या दिवसापासून माझा नियम पक्का झाला, आणि दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला मी तो सांगतो. उन्हानं केलेली चूक दुरुस्त करायची, कॅमेऱ्यानं केलेली दुरुस्त करायची. पोरात चूक नसते, तिथे हात लावायचा नाही. पडलेला दात, शेंबडाची रेघ, गुडघ्याची खपली, गालावरची वाळू, हे आज आपल्याला काढावंसं वाटतं. पुढे कधीतरी आपण तेच शोधत बसतो.

आता आपल्यापैकी बरेच जण आजीआजोबा झालोत, म्हणून दोन विनंत्या. नातवंडांचे फोटो काढताना फोनमधलं ब्यूटी बटण बंद करा. पुष्कळ फोनमध्ये ते आधीपासूनच चालू असतं आणि आपल्याला पत्ताही नसतो. आणि समुद्रावरचे उघडे, ओले फोटो सगळ्या ग्रुपांवर टाकू नका. घरच्यांपुरते ठेवा. पोर जरा मोठं असेल तर त्याला विचारा, "टाकू का रे?" नाही म्हणालं तर नाही.

शेवटी एक कामाचं. आजचा आपला ग्रुप फोटो या स्मरणिकेत छापायचं काम समितीनं माझ्याकडे दिलंय. सकाळपासून तीन मैत्रिणी आणि त्याहून जास्त मित्र कानाशी येऊन सांगून गेलेत, की पोट जरा आत घे, केस जरा काळे कर. त्यांना सगळ्यांदेखत उत्तर देतो : मागच्या रांगेवर झाडाची सावली पडलीय, ती उघडून देईन. बाकी ज्यानं त्यानं आपापलं घरून जे आणलंय, तसंच छापलं जाईल. बाईंनी आणि सरांनी आपल्याला हजेरीपटावरनं ओळखलं होतं, आता चेहऱ्यावरनं ओळखू द्या.