सपाट मुलखातल्या उभ्या खुणा

वऱ्हाडात पाहायचं ते चिखलदऱ्याला, बाकी सगळं सपाट, असं सर्रास म्हटलं जातं. पण इथल्या वास्तूंचं मूळ या सपाट, काळ्या रानातच आहे. त्याच्या महसुलावर राजवटींचा डोळा होता, म्हणून सातपुड्याच्या कडेवर गाविलगड आणि नरनाळा हे किल्ले नांदते राहिले. नरनाळ्याचा 1487चा महाकाली दरवाजा नीट पाहा. कमानीवर दगडी कमळं, वर अरबी लेख, दोन्ही अंगांना नक्षीदार सज्जे. शत्रू अडवायला कमळं लागत नाहीत. ही ऐपत खालच्या शेतांनी पुरवली. बालापूरला तर डोंगराचाही आधार नाही. मन आणि म्हैस या नद्यांच्या बेचक्यात किल्ला उभा केला. जवळच मिर्झाराजे जयसिंगाची छत्री आहे.

रायगडासारखा प्रसंग इथे कुठे घडला, असं कोणी विचारील. 15 डिसेंबर 1803ला आर्थर वेलस्लीच्या फौजेनं गाविलगड घेतला आणि दोनच दिवसांनी नागपूरकर भोसल्यांना देवगावचा तह करावा लागला. वॉटर्लूचा विजेता तो हाच! दुसरा आक्षेप असा, की मूर्तिजापूर-अचलपूर शकुंतला रेल्वेसारखी गोष्ट ऐतिहासिक कशी? रुळांमधलं अंतर अवघं अडीच फूट, गाडी बैलगाडीच्या चालीची म्हणून चेष्टा सोसायची. पण खासगी कंपनीनं हा मार्ग टाकला तो वऱ्हाडचा कापूस मुंबईच्या वाटेला लावण्यासाठी. गडांना ज्या रानानं पोसलं, त्याच रानानं हे रूळही ओढून आणले. मग पुरातत्त्वाच्या पाटीपुरतंच पाहून गाडी पुढे का हाकायची?