चिकट थरातले जंतू आणि आपले आरोग्य

(संस्थेच्या नाशिक येथील वार्षिक कार्यक्रमात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आम्ही कला शाखेचे पदवीधर आणि पेशाने बँकेतील लेखनिक. वैद्यकशास्त्रावर बोलण्याचा आमचा अधिकार नाही. परंतु आज आपल्या घरोघरी मधुमेहाचे रुग्ण आहेत, आणि महिनोन्‌महिने न भरणारी जखम अनेक कुटुंबांनी पाहिली आहे. औषध चालू असूनही ती का भरत नाही, हे सामान्य माणसालाही समजले पाहिजे, म्हणून वाचून व जाणकार डॉक्टरांना विचारून जे समजले ते आपल्यापुढे ठेवतो.

गोदाघाटावर पाण्यातल्या पायरीवर पाय ठेवला तर घसरतो. चार दिवस न घासलेल्या माठाच्या आतून बोट फिरवले तर बुळबुळीत लागते. सकाळी दात घासण्यापूर्वी दातांवरून जीभ फिरवली की तोच चिकटपणा जाणवतो. हा नुसता मळ नव्हे. असंख्य जंतू एखाद्या पृष्ठभागाला चिकटतात, स्वतःभोवती खळीसारखा पदार्थ तयार करतात आणि त्यात एकत्र राहू लागतात. शास्त्रज्ञ या थराला बायोफिल्म म्हणतात.

हा थर पहिल्यांदा सूक्ष्मदर्शकातून पाहणारा मनुष्य डॉक्टर नव्हता. हॉलंडमधील लेव्हेनहूक हा कापडाचा व्यापारी. सुमारे १६८३-८४ मध्ये त्याने आपल्या दातांवरील कीट तपासले व त्यात हलणारे जीव पाहिले. व्हिनेगरने चूळ भरल्यावर थराच्या बाहेरचे जीव मरतात, आतले मात्र जगतात, हेही त्याने नोंदवले. आजच्या वैद्यकातील एका मोठ्या अडचणीचे मूळ या नोंदीत आहे.

आपल्या महाराष्ट्राच्या इतिहासातही या चिकट थराने मोठा घात केला आहे. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला आणि लवकरच पुण्यात पोहोचला. सावित्रीबाई फुले व त्यांचे पुत्र डॉ. यशवंत यांनी पुण्याबाहेर रुग्णांसाठी दवाखाना चालवला. मुंढव्याजवळील एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन सावित्रीबाई दवाखान्यात आल्या. त्यांनाही लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. प्लेग कसा पसरतो हे तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हते. १८९८ मध्ये सिमों या फ्रेंच डॉक्टराने कराचीत प्रयोग करून उंदरावरील पिसवेकडे बोट दाखवले. पुढे मुंबईत परळच्या प्रयोगशाळेत, म्हणजे आजच्या हाफकिन संस्थेत, १९०५ नंतर झालेल्या कामाने त्याला दुजोरा मिळाला.

पिसू हा रोग कसा देते, हे १९१४ मध्ये लंडनच्या लिस्टर संस्थेतील बेकॉट आणि मार्टिन यांनी दाखवले. प्लेगचे जंतू पिसवेच्या जठराच्या तोंडाशी चिकट गोळा करून बसतात. वाट बंद झाल्यामुळे प्यालेले रक्त पोटात जात नाही. पिसू उपाशी राहते, पुन्हा पुन्हा चावते, आणि अडलेले रक्त जंतूंसह माणसाच्या अंगात परत सोडते. तो गोळा म्हणजे बायोफिल्मच होय, हे पुढच्या काळात सिद्ध झाले. ज्या साथीने सावित्रीबाईंना नेले, ती पसरवण्यात या चिकट गोळ्याचा मोठा हात होता.

माणसाच्या शरीरात मात्र प्लेगचे जंतू असा थर करून बसत नाहीत. म्हणूनच वेळेवर प्रतिजैविक मिळाले तर रुग्ण वाचतो. १९९४ मध्ये बीड जिल्ह्यातील मामला गावी प्लेगने पुन्हा डोके वर काढले, तेव्हा अशी औषधे हाताशी होती. पेनिसिलिन तर आपल्या पिंपरीत १९५४ साली स्थापन झालेल्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्सच्या कारखान्यात तयार झाले. सुटे फिरणारे जंतू या औषधांनी मरतात. थर करून बसलेल्या जंतूंपुढे तीच औषधे अपुरी पडतात. कॅनडातील कॉस्टरटन या शास्त्रज्ञाने १९७८ पासून हा विषय जगापुढे आणला.

याची कारणे अशी. खळीसारख्या थरातून काही औषधे आत नीट झिरपत नाहीत. आतल्या जंतूंना अन्न व प्राणवायू कमी मिळत असल्याने ते वाढ थांबवून निपचित पडतात, आणि बरीच प्रतिजैविके वाढणाऱ्या जंतूंनाच मारतात. थरातील जंतू मारायला कधी शेकडो पट औषध लागते, आणि तेवढे माणसाला देता येत नाही. प्रयोगशाळेतील नेहमीची तपासणी सुट्या जंतूंवर होते. त्यामुळे कागदावर औषध लागू पडते आणि रुग्ण मात्र बरा होत नाही.

आमच्या परिचयातील एका निवृत्त कामगाराचे असेच झाले. मधुमेह होता, तळपायाला जखम झाली. गोळ्या घेतल्या की ताप उतरे, सूज कमी होई. गोळ्या संपल्या की पुन्हा तेच. पाच महिन्यांनी पायाची दोन बोटे काढावी लागली. शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांनी सांगितले की औषध बरोबर होते, परंतु आतले मेलेले मांस व त्यावरचा थर कोणी काढलाच नव्हता. आम्ही बँकेतली माणसे याला एकच म्हणू : व्याज फिटत होते, मुद्दल तसेच राहिले होते.

म्हणून अशा आजारात आधी सफाई आणि तिच्या जोडीला औषध, असा उपचार असतो. जखम खरवडून स्वच्छ करतात, पायावरचा भार काढतात, रक्तपुरवठा तपासतात. लघवीची नळी दूषित झाली तर काढतात किंवा बदलतात. कृत्रिम सांध्याला संसर्ग झाला तर पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागते, कधी सांधाच बदलावा लागतो, आणि त्यानंतर अनेक आठवडे प्रतिजैविके चालतात.

आपल्या हाती काय आहे? मधुमेही व्यक्तीचे तळपाय घरातील कोणीतरी रोज पाहावेत. जखम दिसताच डॉक्टरांकडे जावे, औषधाच्या दुकानातून आपल्या मनाने गोळ्या आणू नयेत. डॉक्टरांनी सांगितलेला औषधाचा क्रम ताप उतरला म्हणून सोडू नये. घरी नळी लावलेला रुग्ण असेल तर ती किती दिवस ठेवायची आणि खरोखर लागते का, हे डॉक्टरांना न संकोचता विचारावे. दात रोज दोन वेळा घासावेत, कारण तिथला थर चूळ भरून निघत नाही, घासूनच निघतो.

विद्यार्थी मित्रहो, महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ पासून आपल्याच नाशिकमध्ये आहे. हा थर विरघळवणारे, जंतूंना चिकटूच न देणारे उपाय जगभर शोधले जात आहेत. सूक्ष्मजीवशास्त्राकडे तुमच्यापैकी दोघे-चौघे जरी वळले तरी आम्हांला समाधान वाटेल. तोपर्यंत घरातल्या मोठ्यांचे पाय तपासण्याचे काम तुम्ही आज रात्रीच सुरू करू शकता.